खांबाआडचा गोल

तीन-चार माणसं वर्षानुवर्षं एकाच पायरीवर बसून फुटबॉल बघायला लागली की किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा तर मागून दहा धक्के मारत येतात. नव्वदच्या दशकात बंगलोरच्या स्टेडियममध्ये आमचं असंच एक टोळकं होतं. गंमत म्हणजे आमचे बरेचसे किस्से मॅचचे नाहीतच. ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरचे आहेत!

टोळक्याचे पुढारी श्रीपादअण्णा. त्यांचं घराणं बंगलोरात कधी आलं असं विचारलं तर "बस नव्हत्या तेव्हा," एवढंच सांगायचे. दुसरा कुलकर्णी, पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत आलेला. तिसरा मी, बँकेतला. आणि मैदानावर आमचा सुरेश, अण्णांचा पुतण्या. एका सरकारी कारखान्याच्या टीममध्ये तो स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. बोलायला कमी, खेळायला पक्का.

सुरेशचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी बंगलोरच्याच बनशंकरी भागातली, सुमन. सुरेशला ती मनापासून आवडली होती. तिचे वडील गोविंदराव रिटायर्ड हेडमास्तर, आणि इंग्रजी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. होकार अजून यायचा होता. अण्णांना एकच धास्ती होती. सुरेश खेळेल चांगलाच, पण पेपरात छापून कसा येईल?

*

धास्तीला कारण होतं. त्या पेपरचा रिपोर्टर माणूस भला, पण प्रेस बॉक्ससमोर एक जाडजूड खांब होता आणि उजवीकडचा गोल बरोबर त्याच्याआड जायचा. डावीकडचे गोल रिपोर्टर डोळ्यांनी बघून लिहायचा. उजवीकडचे आमच्या ओरडण्यावरून!

एकदा शेवटच्या मिनिटांत उजवीकडे एक कुत्रं मैदानात घुसलं. रेफ्री त्याला हाकलायला धावला आणि सपशेल आडवा झाला. अख्खी गॅलरी उठून नाचली. रिपोर्टरला ऑफिस गाठायची घाई, तो तेवढ्यावर निघून गेला. मॅच सुटली शून्य-शून्य. पेपरात एक-शून्य, आणि वर "अप्रतिम हेडर"!

अण्णा म्हणाले, "निदान कुत्र्याचं नाव तरी छापायचं की!"

*

कुलकर्णीला हे सहन होईना. कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याने थेट पेपरच्या ऑफिसात फोन लावला. गोल झालाच नाही, मी स्वतः हजर होतो, असं ठणकावून सांगितलं.

"आपण कुठे बसला होता?" पलीकडून शांतपणे प्रश्न.

"गॅलरीत."

"आमचा माणूस प्रेस बॉक्समध्ये बसला होता, सर." आणि फोन ठेवला!

कुलकर्णी लालबुंद होऊन बाहेर आला. "पुण्यातसुद्धा माझा असा अपमान कुणी केला नव्हता," म्हणाला. अण्णांनी त्याला शेजारच्या हॉटेलात नेऊन बाय-टू कॉफी पाजली, म्हणजे एक कॉफी दोघांत. अण्णांचं सांत्वन याहून महाग कधी नसायचं.

*

अण्णांचं रेडिओशीही पटत नसे. मोठ्या मॅचला ते ट्रान्झिस्टर घेऊन यायचे, कानाला लावायचे आणि मॅचभर त्याच्याशी भांडायचे. "डावीकडे कुठे बॉल? डोळे फुटले काय तुझे?"

पुढच्या पायरीवरचा एकजण वैतागून म्हणाला, "अण्णा, मैदान समोर आहे. रेडिओ बंद करा ना!"

"मैदान बघतोयच रे. पण हा चुकतोय कुठे, ते कळायला नको?"

*

शेवटी आम्हीच मनाचा मोठेपणा दाखवला. रिपोर्टरला बोलावून आमच्या पायरीवर बसवलं, शेंगदाणे दिले. इथून दोन्ही गोल स्वच्छ दिसतात, लिही बाबा आता खरं!

उजवीकडे कॉर्नर किक झाली, पाच-सहा जण एकदम उडाले, बॉल जाळ्यात. रिपोर्टरने वळून विचारलं, "कुणी मारला?" अण्णांनी एक नाव सांगितलं, कुलकर्णीने दुसरं, मी तिसरं. मागच्या पायरीवरून चौथं आलं. मग आमचं जे जुंपलं, त्यात पुढचा गोल कुणीच पाहिला नाही, रिपोर्टरनेसुद्धा!

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: "पहिला गोल कुणी केला याविषयी जाणकारांत मतभेद आहेत." पुढच्या मॅचला तो मुकाट्याने आपल्या खांबामागे जाऊन बसला.

*

आणि मग ती लीगची शेवटची मॅच. बरोबरी राखली असती तरी आम्ही चॅम्पियन होतो. शेवटी-शेवटी उजवीकडे क्रॉस आला, गोलसमोर गर्दी झाली आणि बॉल आमच्याच जाळ्यात! गोलकीपर नवा पोरगा होता. त्या दिवशी गॅलरीने त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आम्हीही मागे नव्हतो.

सकाळी पेपरात मात्र गोलकीपर नव्हताच. छापलं होतं, सुरेशच्या पायाला लागून बॉल आत गेला. ओन गोल! आणि गोल तर खांबाआडचा!

बनशंकरीकडून आठवडाभर काही निरोप नाही. मग कळलं, सुमनची आत्या म्हणतेय, "ज्याला आपला गोल कुठला आणि परका कुठला कळत नाही, त्याला मुलगी कशी द्यायची?" सुरेशला विचारलं तर म्हणाला, "सोडा की अण्णा." पण त्याचा चेहरा उतरला होता आणि जेवणही कमी झालं होतं. आम्हाला ते बघवेना.

रविवारी आम्ही तिघे गोविंदरावांच्या घरी हजर. त्यांनी बसवलं, कॉफी दिली, ऐकून घेतलं.

अण्णा म्हणाले, "बॉल समोरच्या फॉरवर्डच्या गुडघ्याला लागला. या डोळ्यांनी बघितलंय."

कुलकर्णी म्हणाला, "पोस्टला लागून गोलकीपरच्या हातून निसटला. क्लिअर होतं!"

मी त्या वेळी शेंगदाणे घ्यायला खाली गेलो होतो. तरी मीही म्हटलं, "रेफ्रीची चूक."

गोविंदराव आपल्या कानडी वळणाने म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता स्वल्प माझंही ऐका. मीही गेलो होतो मॅचला, मुलगा बघायला. उजवीकडच्या गोलच्या मागेच बसलो होतो."

कुलकर्णीने कप खाली ठेवला.

"बॉल सुरेशच्याच पायाला लागला. लोक त्या पोराला शिव्या देत होते. हा गॅलरीकडे वळून स्वतःच्या छातीवर हात मारत होता, 'मी, मी' म्हणत. तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही?"

अण्णांनी रिकामाच कप तोंडाला लावला.

"बाहेर पडताना पेपरवाल्याने विचारलं, 'गोलकीपरची चूक ना?' सुरेश म्हणाला, 'नाही. माझं नाव लिहा.' मी शेजारी उभा होतो." त्यांनी आत बघून हाक मारली, "सुमन, पंचांग आण ग. आत्यालाही बाहेर बोलाव."

तारीख ठरवूनच आम्ही उठलो. जिना उतरताना मला अगदी भरून आलं होतं. कुलकर्णी रुमाल शोधत होता. अण्णा एकटेच तरातरा पुढे चालले होते. फाटकाशी आल्यावर ते थांबले आणि वळून म्हणाले,

"काही म्हणा, बॉल गुडघ्यालाच लागला होता!"