विमान तासाचं, माणूस सहा तासांचा

कुठल्याही दोन गावांमधलं अंतर माझ्या थोरल्या मामांना विचारावं. नकाशा चुकेल, मामा चुकणार नाहीत. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून गुळाचे ट्रक घेऊन त्यांनी तीस वर्षं देश पालथा घातला होता. गावाचं नाव निघालं की त्यांच्या तोंडून किलोमीटर आपोआप बाहेर पडत. माझ्या मामेबहिणीला बघायला सोलापूरची मंडळी आली, तेव्हा मुलगी पोहे घेऊन बाहेर यायच्या आधीच मामांनी त्यांना परतीचा रस्ता सांगून टाकला. "पावणं, चा सांगोल्यातच घ्या. म्होरं बरा मिळत न्हाय." पाहुण्यांना वाटलं, नकारच आला. मामींनी धावत येऊन सावरलं म्हणून ते लग्न जमलं.

पुढे बहीण नवऱ्याबरोबर हैदराबादला गेली आणि कोल्हापूरहून तिथं थेट विमान सुरू झालं. तासाभरात हैदराबाद, हे ऐकून मामांना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. राजारामपुरीतल्या घरी जो येईल त्याला ते कॅलेंडरच्या पाठीवर मांडलेली वेळेची बेरीज दाखवत: रिक्षा, तपासणी, नुसतं बसून राहणं, उतरल्यावर बॅगेची वाट, तिथली गर्दी. "ह्या दारापासनं त्या दारापतोर मोजा की! इमान तासाचं, माणूस सहा तासांचा!"

मामींना मात्र एकदा विमानात बसायचंच होतं. नातीच्या बारशाला त्या विमानानं निघाल्या आणि मामा हट्टानं आदल्या संध्याकाळच्या बसनं. बस वाटेत बंद पडली. मामा पोचले तोवर मामींचं जेवण, वामकुक्षी उरकली होती आणि बाळाचं नावही ठेवून झालं होतं. "दमलासा काय?" एवढंच मामींनी विचारलं. "टायर जुना हुता त्येंचा," असं म्हणून मामा नातीला मांडीवर घेऊन बसले.

गेल्या वर्षी मामी गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर बहीण म्हणाली, "आप्पा, आता माझ्याकडं चला." मामांनी रस्त्याचं नावही काढलं नाही. दोघांना मीच विमानतळावर सोडलं. आत जाता जाता मामा थांबले. "तुझ्या मामीनं बलिवलं हुतं मला संगं, बारशाला. मी गेलो न्हाय बघ."

थोड्या वेळानं दारावरच्या जवानानं मला हाक मारली. मामांच्या हातातल्या पिशवीत अडकित्ता सापडला होता. मामींचा, पितळी मुठीचा. तो आत चालत नव्हता. मामा दारापर्यंत आले होते. "ठेव तुझ्याकडं," ते म्हणाले, "आलो की न्हेतो."

अजून आलेले नाहीत. रविवारी फोन येतो, नातीच्या शाळेचं बोलतात, अडकित्त्याचं काही विचारत नाहीत. मी सुपारी खात नाही. पण गंजू नये म्हणून अधूनमधून त्याला तेल लावतो आणि एकदा उघडून, मिटून पुन्हा कपाटात ठेवतो.