किती फलाट लागतील?

आमची सॉफ्टवेअर कंपनी एवढी मोठी, की तिचं ऑफिस मी अजूनही फोटोतच जास्त पाहिलंय. माझं काम यवतमाळच्या घरातून, मागच्या खोलीत दार लावून चालतं. मागच्या वर्षी त्यांनी मला मुलाखती घ्यायला बसवलं आणि मला भलतंच कुतूहल. आपली मुलाखत झाली तेव्हा पलीकडचा माणूस खाली मान घालून एवढं काय लिहीत होता, ते आता कळणार होतं.

कळलं ते असं: उमेदवार काय बोलला, आपण त्याला कुठे उत्तराकडे नेणारा इशारा दिला, एवढंच लिहायचं. तो आपल्याला कसा वाटला, हे कुणी विचारत नाही.

माझा पहिलाच उमेदवार पडद्यावर आला. "आवाज येतोय का?" विचारलं तर पटकन "हाव जी" म्हणाला आणि लगेच "येस मॅम" करून घेतलं. झालं, आपल्याकडचा निघाला म्हणून मी तिथेच विरघळले.

प्रश्न असा होता: बसस्थानकावर दिवसभर गाड्या येतात-जातात, सगळ्यांच्या वेळा दिल्यात, एकही गाडी खोळंबू नये तर कमीत कमी किती फलाट लागतील? आम्हा दोघांसमोर एकच पान उघडं होतं, तो टाईप करेल ते मला दिसत होतं. त्यानं अर्धी ओळ लिहिली आणि थांबला. अर्धं मिनिट गेलं असेल, पण मला ते बघवेना. आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढतात, तसा मी इशारा वाढला. मग दुसरा. "एक मिनिट, मॅम," तो म्हणाला, तर मी तिसरा दिला. त्यानं आपली ओळ खोडली आणि मी सांगेन तसं लिहीत गेला. उत्तर बरोबर आलं आणि मी खूश.

दार उघडून बाहेर आले तर आई म्हणाली, "तू त्याची परीक्षा घेऊन राह्यलती, का सोताचीच देऊन राह्यलती?"

मला रागच आला तिचा. पण अहवालात मी तिन्ही इशारे लिहिले, खोटं कसं लिहू? त्यावरच तो बाद झाला. स्वतःहून काही सुचत नाही, असा शेरा पडला.

मग ती खोडलेली ओळ मला बसू देईना. काय लिहीत होता हा? त्या पानावर आधी काय काय होतं ते मागे जाऊन बघता येतं. बघितलं. येण्याच्या वेळा वेगळ्या लावू, जाण्याच्या वेगळ्या... एवढंच होतं. मी वही घेऊन बसले. निघाली ती गाडी नेमकी कोणती, हे लक्षात ठेवायची गरजच नाही! गाडी आली की एक वाढवा, गेली की एक कमी करा; आकडा सगळ्यात वर जाईल तेवढे फलाट. माझ्या रीतीपेक्षा किती सोपं. मला स्वतःची लाज वाटली.

मॅनेजरना कळवलं, चूक माझी आहे, त्याला दुसऱ्या कुणाकडे पुन्हा बोलवा. कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. आठवडाभरानं त्याचं उत्तर माझ्याकडे आलं.

"संधीबद्दल आभार. पण मागच्या वेळी मॅमनी एवढी मदत केली, तरी मला जमलं नाही. माझा तेवढा आवाका नाही हे मला तेव्हाच कळलं."