जागा तेवढी साफ करून ठेवा

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांइतका शब्दांवर डोळा ठेवणारा माणूस, गेली तीस वर्षं मराठी शिकवत असूनही, मी दुसरा पाहिलेला नाही. हे कबूल करताना थोडा अपमान वाटतो, कारण ते काम माझं होतं. बावधनच्या आमच्या शाळेत मी सूचना लिहायची आणि सरांनी लाल पेन घेऊन फलकापाशी उभं राहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. एकदा मी शाळेच्या वार्षिक अंकात सहलीवर लेख लिहिला आणि त्याला 'निसर्गाच्या कुशीत एक दिवस' असं शीर्षक दिलं. मधल्या सुट्टीत सर अंक घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बाई, निसर्गाला कूस नसते. गवत असतं, आणि गवतात गोचिडी असतात. त्यातली एक तुमच्या पोटरीला चिकटली होती, ते लेखात कुठेच आलेलं नाही." गोचीड चिकटली होती हे खरं होतं. ती काढताना मी ओरडले होते हेही खरं होतं, पण तेवढं त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर सांगायला नको होतं.

सरांचा खरा वर्ग शाळेत भरतच नसे. घोटावड्याच्या मागे एक उताराचा माळ आहे. तो आण्णांचा. आण्णा म्हणजे तिथले जुने शेतकरी. निम्म्या खोल्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या, भात अजून स्वतः लावणारे. सरांनी एके दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून माळ मागितला, तेव्हा आण्णा म्हणाले होते, "पडीकच हाय. लावा काय लावायचं ते." तेव्हापासून दर शनिवारी सर आठवीच्या मुलांना घेऊन तिथे जात. खड्डे घ्यायचे, करंज, आपटा, आवळा, बेहडा लावायचे, उन्हाळाभर खालच्या विहिरीवरून पाणी वाहायचं, आणि होळीच्या आधी रोपांभोवतीचं वाळलेलं गवत विळ्याने कापायचं, म्हणजे वणवा आला तरी आत शिरत नाही. गावातले लोक त्यांना 'खड्डेवाले मास्तर' म्हणत. सरांना हे नाव फार आवडायचं, कारण त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

पावसाळ्यात रोप लावणाऱ्याला त्यांच्या वहीत गुण नसत. गुण एप्रिलमध्ये येणाऱ्याला. एका विद्यार्थ्याची आई तावातावाने शाळेत आली, "माझ्या मुलाला शिकायला पाठवलंय, पाणी वाहायला नाही." सरांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "तो हल्ली आंघोळीला किती पाणी घेतो?" ती जरा घुटमळली. "हल्ली एक बादली. आधी अर्धा तास शॉवरखाली असायचा." "बसा, चहा सांगतो," सर म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. पुढे ती बाई स्वतःच शनिवारी येऊ लागली, आणि सरांपेक्षा जास्त शिस्तीने मुलांवर ओरडू लागली.

पण सरांचा सगळ्यात मोठा हट्ट होता तो 'झाड' या शब्दाबद्दल. कुणी उत्साहाने म्हणालं, "सर, मी झाड लावलं," की ते माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हे झाड नाही! झाड म्हणू नका! रोप लावलंय तुम्ही. झाड त्याचं ते होईल, झालं तर." मुख्याध्यापकांच्या परिपत्रकातलं 'वृक्षारोपण' त्यांनी खोडून 'रोपं लावणे' केलं होतं आणि त्याबद्दल लेखी खुलासाही दिला होता. एकदा हिंजवडीच्या एका कंपनीतले वीसेक जण एकसारखे टी-शर्ट घालून, बॅनर घेऊन आले. त्यांचा प्रमुख म्हणाला, "सर, फक्त एक ग्रुप फोटो हवाय, विथ ट्रीज." सरांनी शांतपणे प्रत्येकाच्या हातात पाण्याचा डबा दिला. "ट्रीज अजून नाहीत. झाल्या की बोलावतो." ती मंडळी दोन खेपा करून जी गेली ती पुन्हा दिसली नाही. त्यांचा बॅनर मात्र मागे राहिला, तो सरांनी रोपं झाकायला वापरला.

झाड कधी म्हणायचं, याचाही नियम होता. पहिल्या तुकडीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी रोप तुमच्या डोक्यावरून जाईल, त्या दिवशी या, आणि त्याला झाड म्हणा. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. याला सात वर्षं लागली. मधल्या काळात मुलंही उंच होत होती, त्यामुळे काम लांबत गेलं, असं सर तक्रारीच्या सुरात सांगत. अखेर गेल्या वर्षी माघात सरांनी पट्टी बांधलेली काठी घेऊन उतारावरचं एकेक रोप मोजलं आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हणाले, "झालं, बाई." निवृत्तीला त्यांचे जेमतेम तीन महिने उरले होते. फाल्गुनातला एक रविवार ठरला. कॉलेजात गेलेल्या, नोकरीला लागलेल्या तिसेक मुलामुलींना त्यांनी स्वतः फोन केले. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही मिळवायचं होतं असं मला कधी दिसलं नाही.

आणि मग आयुष्यभर डोंगर चढलेला हा माणूस भूगावच्या स्वतःच्या सोसायटीच्या जिन्यावरून घसरला. घोटा मोडला. मी भेटायला गेले तेव्हा पाय प्लॅस्टरमध्ये आणि जीव माळावरच्या गवतात. गवत कापायचं राहिलं होतं. माझ्यासमोर त्यांनी आण्णांना फोन लावला. "आण्णा, रविवारी कार्यक्रम आहे. पहिली पोरं येतायत. औंदा मला आधी येऊन काही करता येत नाही. जागा तेवढी साफ करून ठेवा." पलीकडून आण्णांचा खणखणीत आवाज आला, "तुमी काळजीच सोडा मास्तर. पार साफ करतो." सरांनी समाधानाने फोन ठेवला. मी शेजारीच बसले होते. आम्हा दोघांपैकी एकाच्याही कानाला काही खटकलं नाही.

भूगावपासून पुढे हल्ली जागा साफ करतो म्हटलं की एकच गोष्ट होते. जेसीबी येतो.

रविवारी सकाळी नऊला आमची बस माळाखाली थांबली. सर कुबड्या घेऊन सगळ्यांच्या आधी उतरले. वर लाल माती होती. सपाट, दाबलेली, कडेपासून कडेपर्यंत. तिच्यावर चाकांचे पट्टे होते आणि एका कोपऱ्यात करंज-आपट्यांचा मुळांसकट ओढून लावलेला ढीग, ज्याची पानं अजून पुरती वाळलीही नव्हती. आण्णा स्वच्छ पांढरा सदरा घालून मध्यभागी उभे होते. पुतण्याचं मशीन दोन दिवस लावून त्यांनी हे करवून घेतलं होतं.

"या मास्तर! कसं केलंय बघा. दर साली तुमी इळं घिऊन बसायचा. औंदा येक काडी ठेवली न्हाई. बिनघोर मांडव घाला."

सर कुबड्यांवर रेलून त्या ढिगाकडे बघत राहिले. आण्णांना वाटलं, त्यांना कसली तरी शंका आली आहे.

"झाड येक बी तोडलं न्हाई बरं का," ते घाईने म्हणाले. "त्यो कडंचा आंबा तसाच ठिवलाय. बाकीची तर तुमीच वरडून सांगायचा की पोरास्नी, ही झाडं न्हाईत म्हून."

मी सरांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकला, नेहमीपेक्षा थोडा खालचा. "बरोबर आहे, आण्णा. छान केलंत."

मागे एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. "काय झालं पोरीला?" आण्णांनी विचारलं. "ऊन लागलंय," सर म्हणाले. आण्णांनी लगेच घरातून पाणी मागवलं. घरात त्यांच्या सुनांनी पहाटे उठून तीस माणसांचं पिठलं, भाकरी आणि ठेचा केला होता. आम्ही सगळे जेवलो. सरांनी दोनदा पिठलं मागून घेतलं आणि चांगलं झालंय म्हणून निरोप आत पाठवला. परतीच्या बसमध्ये ते दाराजवळच्या सीटवर उलटे वळून बसले आणि म्हणाले, "आण्णांना कुणी काहीही बोलायचं नाही. कधीच नाही. शब्द माझा होता." त्यानंतर त्यांनी कुणाचाच शब्द दुरुस्त केल्याचं मी ऐकलं नाही. मुद्दाम मी फलकावर 'वृक्षारोपण' लिहून पाहिलं. ते वाचून पुढे गेले.

घोटा नीट जुळलाच नाही. सर निवृत्त झाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसू लागले. शनिवारचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. यंदा पाऊस ओसरल्यावर मी आठवीला घेऊन माळावर गेले, तर आण्णा उकिडवे बसून काहीतरी उपटत होते.

"कोंब फुटत्यात, बाई," ते म्हणाले. "करंजाची मुळी लई चिवट. पर मास्तरांनी साफ ठिवा सांगितलंय न्हवं. दर पंधरवड्याला उपटून काढतुया. दीड वरीस झालं, येक वर येऊ दिला न्हाई."

"राहू द्या, आण्णा," माझ्या तोंडून निघून गेलं. "आता उपटू नका."

"का वो?"

मी तोंड मुलांकडे वळवलं. आण्णा हातातल्या कोंबाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "त्या दिशी," ते सावकाश म्हणाले, "सकाळी नऊला कुठलं ऊन लागतंय, बाई?"

मी मान खाली घातली. ते तिथेच मातीत खाली बसले. मुलं लांब खड्डे आखत होती, त्यांचा गलबला येत होता. आण्णांनी तो कोंब पुन्हा मातीत दाबायचा प्रयत्न केला. तो उभा राहिना. "मास्तर दोनदा पिठलं मागून जेवलं वो," ते म्हणाले. डोळे पुसून उठताना त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "त्यास्नी सांगू नका, मला कळलं म्हून. येवढं जपलंय त्यांनी. त्यांच्या जीवाला लागंल."

संध्याकाळी मी सरांकडे गेले. कोंब फुटताहेत आणि आता कुणी उपटणार नाही, एवढं सांगितलं. त्यांनी कुठे, किती, कोणाचे, सगळं विचारून घेतलं. मग एकदम काळजीने म्हणाले, "पण आण्णांना काही कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. फार मनापासून केलं होतं हो त्यांनी."

आता दोघांचंही गुपित माझ्यापाशी आहे. दोघेही थकलेत. त्यातला एक गेला की मागे राहिलेल्याला मी काय सांगणार आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.