निशाणावरचा माणूस

परभणीत मला लोक 'बांधकामाचे वकील' म्हणत. खून, मारामाऱ्या, वाटण्या मी कधी घेतल्या नाहीत. पूल, बंधारे, शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, म्हणजे सरकार आणि ठेका घेणारे गुत्तेदार यांच्यात जिथे म्हणून बिनसेल तिथे माझं बस्तान. चाळीस वर्षं तेच केलं. दुसरं वेड घोड्यांचं. माळेगावच्या बाजारातून आणलेली एक काळी घोडी माझ्याकडे होती आणि ती जिल्ह्यातल्या जत्रांमधून पळायची. बायको म्हणायची, "तुमच्या खोलीत अर्धी कागदं सिमेंटची आन् अर्धी हरभऱ्याची."

हे सगळं मी मजेत सांगत आलो. एक गोष्ट मात्र सोडून सांगत आलो. गेल्या पावसाळ्यानंतर ती सोडता येईना. बोरीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब खाली झुकला, खोल्यांना कुलूप लागलं आणि स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली की, तेव्हाच्या अभियंत्याने लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं. बातमी वाचून मी उठलो, ओसरीत गेलो, परत येऊन बसलो, परत उठलो. त्या अभियंत्याने लक्ष दिलं होतं. ते फुकट घालवणारा माणूस मी होतो.

आधी शर्यतीचं सांगतो, कारण ओळख तिथली.

पेडगावकडच्या एका जत्रेत घोडे पळत. शेवटच्या रेषेशी लाल निशाण लावलेलं असे आणि तिथे निकाल द्यायला उभा राहणारा माणूस बाहेरचा लागे. त्याचा घोडा त्या दिवशी पळत नसावा, आणि त्याने कुठल्याही घोडेवाल्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी रीत. जमिनीवर चुन्याची जाड रेघ ओढत. ज्या जनावराचा पुढचा पाय आधी रेघेवर पडेल ते पहिलं. त्या वर्षी निशाणावर बांधकाम खात्यातले एक शाखा अभियंता उभे होते. सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात टेप. भाकरी फडक्यात बांधून आणलेली, पाण्याची बाटली स्वतःची.

माझी घोडी आणि एक तांबडा घोडा जोडीने आले. साहेबांनी तांबड्याला पहिला दिला. मी हात झटकले आणि घोडीकडे चालू लागलो. तेवढ्यात मागे गलका झाला. साहेब रेघेपाशी गुडघ्यावर बसले होते. घोडीच्या पायांना नाल नव्हते, तांबड्याला होते. घोडीच्या खुराने चुना बाजूला उधळला होता, आणि तांबड्याच्या नालाचा ठसा त्या उधळलेल्या चुन्यावर पडला होता. म्हणजे चुना उडाला तेव्हा तांबड्याचा पाय अजून वरच होता. साहेब उठले, गुडघे झटकले आणि भोंग्यावर म्हणाले, "माझी चूक झाली. घोडी पहिली."

तांबड्याच्या माणसांनी त्यांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एक जण ओरडला, "डोळे घरी ठिवून आलाव का, सायेब?" ते ऐकून घेत उभे राहिले. मग झाडाखाली जाऊन भाकरी खाल्ली. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार कशाचे? पुढं आली म्हणून पुढं म्हणलो."

त्यानंतर दोनेक वर्षांनी बोरीकडचा एक गुत्तेदार माझ्याकडे आला. त्याने बांधलेल्या शाळेचा स्लॅब पाडून नव्याने टाका, असा खात्याचा हुकूम होता. कारण मोजमाप वहीतली एक नोंद. स्लॅबमधल्या सळयांत पंधरा सेंटिमीटर अंतर हवं होतं, वहीत बावीस लिहिलेलं, म्हणजे लोखंड कमी. नोंद त्याच साहेबांची. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी त्यांनी मोजलं, सळया नीट बांधा मगच ओता म्हणून बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पोचेपर्यंत गुत्तेदाराने काँक्रीट ओतून टाकलं. आत काय आहे ते आता दिसत नव्हतं. होती ती फक्त वही.

मी गुत्तेदाराला विचारलं, "खरं सांगा, किती अंतर हाय?"

तो हसला. "सायबानं लिवलंय तेवढंच हाय की. पण वकीलसाहेब, स्लॅब उभा हाय ना? लेकरंच बसणार हायेत त्याच्याखाली, हत्ती न्हाई."

मी हसलो. हे मला लिहायलाच हवं. मी त्याच्याबरोबर हसलो आणि वकीलपत्र पुढे केलं.

मोजमाप वहीच्या त्या पानावर आधी 'पंधरा' लिहून मग खोडलेलं होतं, वर 'बावीस' आणि बाजूला सही. नियम तसाच आहे. मिस्त्रीने सांगितलेला आकडा साहेबांनी आधी लिहिला, मग स्वतः सळयांवर उतरून टेप लावली आणि दुरुस्त केला. कागदांवरून मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरीही माझी सगळी बाजू मी त्या खोडाखोडीवर उभी केली.

लवादापुढे सुनावणी होती. खोली लहान, वर पंखा, टेबलाच्या पलीकडे साहेब. मी विचारलं, "तुम्ही जत्रेत घोड्यांच्या शर्यतीचा निकाल देता?"

"देतो."

"एकदा दिलेला निकाल तुम्ही सगळ्या गावासमोर बदलला, खरं?"

"खरं."

"म्हणजे आधी डोळ्यांनी पाहिलेलं चुकीचं होतं?"

"होय."

"आणि या पानावरही आधीचा आकडा तुम्हीच खोडलाय?"

"होय, कारण—"

"होय की नाही, एवढंच."

"होय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कागद चाळत होतो, पण माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं. 'ती घोडी तुमचीच होती' एवढं एकच वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर माझी उलटतपासणी तिथेच आडवी झाली असती. ते बोलले नाहीत. खात्याच्या वकिलाला शर्यतीतलं काही ठाऊक नव्हतं. नोंद विश्वासार्ह नाही असं लवादाने धरलं. स्लॅब राहिला.

साहेबांची खातेनिहाय चौकशी लागली. बढती गेली, बदली लांब झाली. चहाच्या टपरीवर लोकांना विषय मिळाला. कुणी चहा कमी-जास्त दिला की म्हणायचे, "सायबाला बोलवा, निकाल बदलून देतील." निशाणावर त्यांना पुन्हा कुणी उभं केलं नाही. मी घोडी पळवत राहिलो.

बातमी वाचल्यावर आठ दिवस मी नुसता फिरलो. स्टेशनपर्यंत जायचो आणि परत यायचो. बायको एकदा म्हणाली, "घोडीला ताप आला तर तुमी इतक्या डाक्टरांना विचारलं. त्या माणसाला एक डाव विचारलं का, कसा हाईस?" मग मी गाडी धरली आणि सेलूला गेलो. साहेब निवृत्तीनंतर तिथेच राहतात, असं ऐकलं होतं.

त्यांनी ओळखलं. बसा म्हणाले. मी चालताना पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एकदम विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का नाही सांगितलं, की घोडी माझी होती?"

"तुमाला काय वाटलं, तुमची लाज राखली?"

मला तसंच वाटत आलं होतं. मी मान हलवली.

"म्हणलो असतो तर लवाद म्हणले असते, या दोघांचं जत्रेतलं जुनं हाय काहीतरी. मग माझा बावीसचा आकडाबी त्यातच गेला असता. आकडा वाचावा म्हणून गप बसलो, वकीलसाहेब. तुमच्यासाठी न्हाई."

मी म्हणालो, त्या गावात ग्रामसभा आहे, मी सगळं सांगणार आहे.

"गुत्तेदार तुमच्यापाशी काय बोलला, तेबी?"

"तेही."

"अशिलाचं बोलणं बाहेर सांगता येतं का तुमाला?"

"नाही येत. तो आता वारलाय, तरी नाही येत."

"मग?"

"सांगणार."

ते उठून आत गेले आणि चहा घेऊन आले. "मी येणार न्हाई. माझं तिथलं काम झालेलं हाय."

ग्रामसभा शाळेसमोरच्या पटांगणात भरली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. वहीतला आकडा खरा होता, हे मला माहीत होतं, मी तो खोटा पाडला. निशाणावरचा बदललेला निकालही खरा होता, आणि तो माझ्या बाजूने होता. पाच मिनिटांत संपलं. इतक्या वर्षांचं ओझं पाच मिनिटांचं निघालं याचाच मला राग आला.

मागे बसलेली एक बाई उभी राहिली. "तुमाला तवाच माहीत होतं?"

"होय."

"माझी दोनी लेकरं त्याच खोलीत शिकली. सात वर्षं. तवा तुमी कुठं होता?"

मी साहेबांच्या नावासाठी आलो होतो. सेलूपासून इथपर्यंत सगळा विचार त्या एका माणसाचा केला होता. या बाईच्या लेकरांचा मी विचारच केला नव्हता, ना तेव्हा, ना आता. म्हणालो, "परभणीत होतो."

"काय करत व्हता?"

ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. शेजारची म्हणाली, "बस गं, म्हातारं हाय." ती म्हणाली, "म्हातारं आता झालंय," आणि बसली.

ग्रामसेवकाने विचारलं, इतिवृत्तात कसं लिहू? मी म्हणालो, अभियंत्यांची नोंद बरोबर होती, असं लिहा. आणि वकिलाला हे माहीत होतं, असं लिहा. त्याने लिहिलं.

घरी आल्यावर मी सेलूला फोन लावला. काय झालं ते सांगितलं, बाईचंही सांगितलं. नोंद लिहिली गेली यावर ते "बरं" म्हणाले. मग विचारलं, "खोल्या पाडायलेत का?"

"पुढच्या आठवड्यात. सगळंच काढणार म्हणतात, पायासकट."

"पाया कशाला? पाया चांगला हाय. मी स्वतः मोजलाय, समदा. स्लॅब तेवढा काढा म्हणावं, खांब जपून. त्यावर नव्या खोल्या लौकर उभ्या राहतील. सांगा त्यांना."

"मी सांगून कोण ऐकणार आहे आता?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"ग्रामसेवकाचा नंबर हाय का तुमच्यापाशी? सांगा. सावकाश सांगा, लिहून घेतो."