भाजलेलं मीठ आणि ओलं गोणपाट

कुणाच्या घरी माशांची काचेची पेटी दिसली की लोक आधी मासे बघतात. मी आधी झाकण बघते. झाकण नसलं तर मागच्या भिंतीला हात लावते, आणि भिंत गार लागली तर यजमानाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. मला कुणाकडे न्यायचं म्हटलं की माझी मुलं टाळाटाळ करतात, ते काही उगाच नाही.

सत्तर सालच्या आगंमागं आम्ही सुरतेला लिंबायतच्या पुढं, गोडादऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवरच्या एका चाळीत राहायचो. खोली एकच, खिडकीही एकच. आप्पा, म्हणजे माझे वडील, सुती कापडाच्या कारखान्यात मागावर होते. माय सकाळी साड्यांचे सुटे धागे कापायच्या कामाला जायची. मी तेरा वर्षांची, आणि धाकटी बहीण सात वर्षांची. धाकटीला दमा होता. शाळा नाही, पळणं नाही, पोरींमध्ये लंगडी नाही. भिंतीला लावलेल्या खाटेवर बसायचं आणि चाळीचे आवाज ऐकायचे, एवढाच तिचा दिवस. दम लागला की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि घरातली सगळी माणसं आपापला श्वास धरून बसायची.

तिच्यासाठी आप्पांनी पेटी केली. कारखान्याच्या मोडक्या झरोक्याच्या काचा, लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि सांध्यात पुट्टी. चार दिवस गळली, पाचव्या दिवशी थांबली. मग चौक बाजारातून त्यांनी पाच गप्पी मासे आणले आणि पेटी तिच्या उशाशी फळीवर ठेवली. धाकटी त्या दिवशी इतकी हसली की मायनं तिची दृष्ट काढली.

मी नाक मुरडलं होतं, हे खरं. मला कुणी कधी काही करून दिलं नव्हतं. पण एक गोष्ट मलाही मान्य करावी लागली. दम लागला की ती माशांच्या तोंडाकडे बघायची. ते उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं. त्यांच्या चालीनं ती श्वास घ्यायला बघायची, आणि पुष्कळदा त्यानं शिट्टी कमी व्हायची.

श्रावणात ओल आली. पावसाळ्यात ती सगळ्यांकडेच येते, म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. पण आमच्याकडे काडेपेटीची काडी ओढली की तिचं गुल नुसतं चिरडायचं. पापड चामड्यासारखे झाले. माझ्या वह्या फुगल्या आणि शाई पानावर पसरायला लागली. पेटीमागच्या भिंतीवर काळा डाग आला, तो दर आठवड्याला वाढत खाटेपर्यंत पोचला. धाकटीच्या गोधडीला कुबट वास यायला लागला. आणि तिचा दम, जो महिन्यातून दोनदा यायचा, तो आठवड्यातून दोनदा यायला लागला.

चाळीच्या नाक्यावर एक गुजराती डॉक्टर बसायचे. ते घरी आले, त्यांनी भिंतीला बोट लावलं आणि ते बोट आप्पांना दाखवलं.

"आ ओरडामां तो भेज ज भेज छे, भाई. बारी खोलो."

म्हणजे खोलीत नुसती ओल आहे, खिडकी उघडा. आप्पांनी मान हलवली. खिडकीतून कारखान्यांचा कापूस उडत आत यायचा, म्हणून ती आम्ही क्वचितच उघडायचो. त्या दिवशी मी ती उघडली आणि ठरवलं, ही ओल मी घालवीन. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हा माझा स्वभाव तेव्हाही होता.

आधी पेटीला झाकण केलं. मायच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीची काच काढून पेटीवर ठेवली, कोपऱ्यात हवेपुरती फट सोडून. माय म्हणाली, देवाला उघडं पाडलं कार्टीनं. पण संध्याकाळपर्यंत काचेच्या आतून थेंबच थेंब जमले आणि परत पेटीत पडायला लागले. एवढं पाणी रोज आमच्या खोलीत उडत होतं, ते मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मग मिठाचा उद्योग सुरू केला. सुरतेच्या खाडीकडचं खडेमीठ घ्यायचं, तव्यावर कोरडं ठणठणीत भाजायचं आणि परातीत पसरून पेटीखाली ठेवायचं. ते हवेतलं पाणी ओढतं, ओलसर होतं, खाली पाणी सुटतं. ते ओतायचं, मीठ पुन्हा भाजायचं. शाळेला जाण्याआधी एकदा, चूल शांत व्हायच्या आत संध्याकाळी एकदा. गोधड्या रोज गच्चीवर. भिंत कोरड्या फडक्यानं पुसायची. आणि कॅलेंडरवर कोळशानं खूण करायची: काडी पहिल्या ओढीत पेटली तर उभी रेघ, नाही पेटली तर आडवी.

आडव्या रेघाच जास्त होत्या. दिवाळी झाली, चाळीतल्या सगळ्यांच्या भिंती वाळल्या, शेजारणीचे पापड कुरकुरीत झाले. आमची भिंत तशीच. माझ्या हातांना मिठानं चिरा पडल्या होत्या आणि ते भांडी घासताना झोंबायचे. मला वाटायला लागलं, या पेटीतच काहीतरी वाईट आहे. ती धाकटीचा श्वास पिते आहे. हे मी मायला बोलून दाखवलं. ती म्हणाली, काचेला कसला जीव, गप काम कर.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली.

आप्पांची तेव्हा दुसरी पाळी होती. दुपारपर्यंत ते घरी असायचे, धाकटीजवळ. मी दार लोटलं. खिडकी बंद होती. खिडकीवर आतल्या बाजूनं गोणपाट टांगलेलं होतं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. फरशी ओली केलेली होती. माझी काच भिंतीला टेकवून ठेवलेली. धाकटी खाटेवर पालथी पडून हात कोपरापर्यंत पेटीत घालून होती, मासे तिच्या बोटांना टोचत होते, आणि आप्पा खाली मांडी घालून तिच्याकडे बघत हसत होते. दोघंही इतकी खुशीत होती की मी आलेली त्यांना आधी कळलंच नाही.

दोन महिने मी जे वाळवत होते, ते हे रोज सकाळी भिजवत होते. मी यायच्या आत फरशी पुसून, गोणपाट काढून, काच जागच्या जागी. धाकटीनं मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते त्या दोघांचं गुपित होतं.

मी गोणपाट ओढून दाराबाहेर फेकलं आणि आमच्या गावाकडच्या बोलीत ओरडले.

"मी आठे मीठ भाजस नि तू गोणपाट भिजाडस! पोरना जीव लेस का, आप्पा?"

आप्पा उठले नाहीत. त्यांना राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. ते मला समजावायला लागले.

"कोल्ली हवामा धागा टुटस, बाई. तिना श्वास बी तसाच शे."

कोरड्या हवेत धागा तुटतो. सुती मागावर ते लहानपणापासून हेच बघत आले होते. तिथं खिडक्या बंद ठेवतात, फरशीवर पाणी मारतात. हवा कोरडी झाली की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पटापट तुटतात आणि माग बंद पडतो. हवा ओली राहिली की धागा टिकतो. त्यात धाकटीला एकदा वाफारा दिला होता तेव्हा तिला आराम पडला होता. ते बघून त्यांची खात्रीच पटली. डॉक्टर खिडकी उघडा म्हणाले तेव्हा त्यांनी मान हलवली ती डॉक्टर मोठा माणूस म्हणून. मनात त्यांना पक्कं ठाऊक होतं की सुताची गोष्ट डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त कळते. बिचाऱ्यांनी तिला जपायला आपली सगळी विद्या लावली होती.

आज हे मला नीट सांगता येतं. तेव्हा मी फक्त माझे चिरलेले हात बघत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे धाकटीला असा दम लागला की ओठ निळे पडले. आप्पांनी तिला खांद्यावर टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती तिथं होती. ती जाते की राहते, अशा पहिल्या दोन संध्याकाळी गेल्या. मायनं तोंडात पाणी घेतलं नाही. आप्पा खाटेच्या पायाशी उभे राहून तिच्या छातीकडे बघत राहायचे. तुटलेला धागा ते बोटाच्या चिमटीत धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायचे. तिथं मारायला गाठ नव्हती.

तिला उतार पडल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. शाळेमुळे माझी गुजराती चांगली होती. आप्पा आत धाकटीजवळ होते. बाईंनी घरचं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवा, ओलं काही टांगू नका, पेटीला झाकण ठेवा आणि खाटेपासून लांब ठेवा. पोरीला मासे आवडतात ना, मग राहू देत.

मी आत गेले. धाकटी झोपली होती. आप्पांना सांगितलं, बाई म्हणतात पेटी घरातून गेली पाहिजे.

का सांगितलं? राग होता. त्या दोघांच्या हसण्याचा होता, माझ्या मिठाचा होता, आणि भीतीही होती, ती खोटी नव्हती. पण सगळा दोष भीतीवर टाकला तर ते दुसरं खोटं होईल.

आप्पांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मी म्हटलं, तिला मी सांगते. ते नको म्हणाले.

"तू काही बोलू नको. तुले तिनासंगे जलमभर ऱ्हानं शे."

धाकटी घरी आली. फळी रिकामी होती, भिंतीवर पेटीच्या आकाराचा डाग होता. आप्पांनी तिला सांगितलं की डबा काढताना त्यांचा धक्का लागला, पेटी फुटली, मासे मेले. ती रडली नाही. रडलं की दम लागतो हे तिला माहीत होतं. तिनं आप्पांकडे पाठ केली. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या हातून तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ते पेला ठेवून जायचे, मग मी तोच पेला उचलून द्यायचे, आणि माझ्या हातून ती प्यायची. एरवी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी मी, तेव्हा माझं तोंड शिवलेलं होतं.

खिडकी उघडी राहिली. डाग कडेकडेनं वाळत गेला. काडी पहिल्या ओढीत पेटायला लागली. मी उभ्या रेघा मारायचं बंद केलं.

संध्याकाळचा डबा कारखान्यावर पोचवायचं काम माझं होतं. एकदा दारावर आप्पा दिसले नाहीत म्हणून मी मागच्या बाजूला गेले. तिथं फरशीवर मारायच्या पाण्याचा हौद होता. हौदाशेजारी आमची पेटी उपडी घालून ठेवलेली होती, एकही तडा न गेलेली. आप्पा तिच्याजवळ उकिडवे बसले होते. दुपारी घरून बरोबर नेलेली भाकरी चुरून हौदात टाकत होते, आणि पाण्यावर बारीक बारीक तोंडं येत होती. मला बघून ते ओशाळले. तिला सांगू नको म्हणाले. कळलं तर ती इथं यायचा हट्ट धरेल, आणि या कापसात तिला आणायचं नाही. मी डबा दिला आणि घरी आले. बाई तसं म्हणाल्याच नव्हत्या, हे मी त्यांना तेव्हा सांगू शकले असते. पेटी दुसऱ्या दिवशी परत फळीवर आली असती.

आणीबाणी उठली त्या वर्षी आप्पा छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्याही छातीतून शेवटी तशीच शिट्टी यायची. धाकटी तोवर त्यांच्याशी बोलायला लागली होती, हातचं पाणीही घ्यायची. पण तेराव्याला बायका त्यांचं चांगलं बोलत होत्या तेव्हा ती माझ्याजवळ हळूच म्हणाली, सगळं खरं, पण माझे मासे मात्र त्यांनीच मारले. मी तेव्हाही गप्प राहिले.

ती आता भेस्तानला असते, तिला नातवंडं आहेत, आणि मी लिहिलेलं ती वाचते. म्हणून तिच्यासाठी. पेटी फुटली नव्हती. ती काढा असं कुणीही म्हणालं नव्हतं, ते मी रचलं. मासे मेले नव्हते. पाचाचे पुष्कळ झाले होते, आणि आप्पा कामावर जात होते तोवर रोज त्या उपड्या पेटीवर डबा ठेवून जेवायचे आणि अर्धी भाकरी त्यांच्यासाठी ठेवायचे.