हयग्रीवरावांचा अडकलेला आवाज

चामराजपुरममध्ये आमच्या समोर हयग्रीवराव राहायचे. सरकारी कचेरीत कारकून होते. आईवडिलांनी विद्येच्या देवाचं नाव ठेवलं होतं आणि देवानंही गळा खणखणीत दिला होता. सकाळी विहिरीवर पाणी काढताना ते पदं म्हणायचे तेव्हा अख्खी गल्ली ऐकायची. पण कोणी दारात थांबलेलं दिसलं की पदाचा खोकला व्हायचा.

त्रेसष्ट सालच्या गणेशोत्सवात मंडळाचे चिटणीस तिरुमलराव यांनी परस्पर त्यांचं नाव कार्यक्रमात घातलं. बायको विशालाक्षी हिनं दोन दिवस आल्यामिऱ्याचा काढा पाजला. रंगमंचावर तंबोरा सुरू झाला, हयग्रीवरावांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. मिनिटभरानं त्यांनी हात जोडले व खाली उतरले. मूक प्रार्थना समजून पहिल्या रांगेतले दोघे उभेही राहिले होते. पुढचे आठ दिवस हयग्रीवराव मागच्या बोळातून कचेरीत गेले.

नवव्या दिवशी शेजारच्या जमुनाबाई त्यांच्या घरी आल्या. सत्तरीच्या, कानानं जरा मंद. त्यांच्या सासरी पूर्वी कापड रंगवायचं काम होतं. रंगवलेल्या साड्या मैदानात वाळत घातलेल्या असायच्या, आणि आभाळ भरून आलं की पलीकडच्या टोकाच्या माणसांना हाक मारायचं काम जमुनाबाईंकडे असे.

"आवाज कुठं गेला नाही तुझा," त्या म्हणाल्या. "गिळतोस तू तो, सुम्ने, उगीचच. रविवारी बन्नीमंटपला चल."

दसऱ्याची मशालींची परेड होते ते मैदान एरवी मोकळंच असतं. तिथं काठी टेकत जमुनाबाई पुढं आणि मफलर गुंडाळलेले हयग्रीवराव मागं, असे दोघे सकाळी पोचले. मफलर आधी निघाला. मग बाईंनी त्यांना रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा जबडा हलवायला लावला, पोट आत जाईपर्यंत श्वास सोडायला लावला, आणि स्वतः शंभर पावलं लांब जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. हयग्रीवरावांनी तिथून त्यांना हाक मारायची होती.

"जमुनाक्का, जरा इकडे येता का?" साहेबापुढं अर्ज ठेवावा तशी ती हाक. बाई वळल्या नाहीत. दुसरीला नाही, दहावीलाही नाही. ऊन चढल्यावर त्या स्वतःच परत आल्या आणि काही ऐकू आलं नाही म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी हयग्रीवराव वैतागले. त्या वैतागात बेंबीच्या देठापासून हाक निघाली. जमुनाबाई वळल्या. कडेला गवत कापणाऱ्या दोन बायकाही विळे थांबवून बघू लागल्या. हयग्रीवरावांनी आणखी दोनदा हाक मारली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लोक बघत असताना आपण थांबलो नाही.

"त्या बघत होत्या, अक्का," ते धापा टाकत म्हणाले.

"बघू देत की. तू मला बोलावत होतास. गातानाही कुणाला तरी एकाला बोलाव."

पुढच्या वर्षी हयग्रीवराव स्वतः होऊन नाव द्यायला गेले. तिरुमलरावांनी खबरदारी म्हणून त्यांना सगळ्यांत शेवटी ठेवलं, म्हणजे तोवर बरेच लोक घरी गेलेले असतील. पडद्यामागं हयग्रीवराव जबडा हलवत होते, तेव्हा तबलजीनं दाढ दुखते समजून लवंग पुढं केली.

मग ते पडद्याबाहेर आले. जमुनाबाई मुद्दाम अगदी मागं, दाराशी बसल्या होत्या. हयग्रीवरावांनी त्यांच्याकडं बघून पहिली ओळ टाकली. सूर ठरल्यापेक्षा चढा लागला. पेटीवाला चाचपडला, मग त्याला पट्टी सापडली. दाराजवळ चपला घालणारे लोक एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. पद पुरं झालं. टाळ्या पडल्या. आता मोकळा झालेला गळा कोण आवरणार? न विचारता दुसरं झालं, तिसरं सुरू झालं, तेव्हा तिरुमलराव हार घेऊन चढले आणि गळ्यात घालूनच त्यांना थांबवलं.

निवृत्त होईपर्यंत हयग्रीवराव दर वर्षी गायले. भीती काही गेली नाही. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांना उप्पीट जात नसे, आणि कार्यक्रम रद्द तर झाला नाही ना, असं ते विशालाक्षीबाईंना तीनदा तरी विचारत. झालेला नसे. मग ते कोट चढवून निघत.