जावईबापूंना गेलेला मेल

चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघं. एक मी, दुसरी आपा. टेलिफोनच्या तारेवरून किंचाळत किंचाळत इंटरनेट यायचं त्या काळातली ही गोष्ट, दोन हजार सालच्या आगेमागेची. मी मूल तालुक्यातल्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेलो, त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. आपाची सारी नोकरी टाइपरायटरवर गेलेली. तिचं घर जुन्या शहराच्या परकोटाच्या आत, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. ती माझ्या आईच्या वयाची, पण सगळं ऑफिस तिला आपा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो.

आमची संस्था लहानशी. जंगलातला मध, हिरडा, बेहडा, आवळा असा माल गावोगावच्या गटांकडून घ्यायचा आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकायचा, हे काम. अहेरीला एक केंद्र, जिवतीला एक, चंद्रपूरला आम्ही आणि सगळ्यांच्या डोक्यावर नागपूरचं हेड ऑफिस. नागपूरहून एक दिवस एक इंजिनीअर आला, कॉम्प्युटरमध्ये मेलचा प्रोग्राम टाकला, दोन कप चहा प्याला आणि दुपारच्या गाडीने परत गेला. प्रोग्राम उघडला तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, एडिटर कोणता हवा?

पत्र ज्या चौकटीत लिहायचं तिला एडिटर म्हणतात. त्यात दोन प्रकार होते. एक सजावटीचा, म्हणजे रंग, ठळक अक्षरं, मागे चित्र, सगळं. दुसरा अगदीच साधा, पांढऱ्यावर काळं, सगळी अक्षरं एकाच रुंदीची. मी अर्थातच सजावटीचा निवडला. आपला माल जंगलाचा, म्हणून मागे फिकट हिरवी पानं टाकली, संस्थेचं नाव गडद हिरव्यात आणि दर लाल रंगात. माझ्या मते ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखं होतं.

आपाने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हे का हाय रे? भाव सांगून राह्यला का लग्नाचा मांडव घालून राह्यला?"

मी चिडलो. मला तेव्हा राग फार लवकर यायचा, आणि आजही काही उशिरा येतो असं नाही. मी म्हटलं, "आपा, तुले यातलं काई समजत नाई." तिने ते अजिबात मनाला लावून घेतलं नाही. तिला साधा एडिटर आवडला होता. का, तर त्यातली अक्षरं टाइपरायटरसारखी एकाखाली एक बरोबर बसत. ओळ संपली की ती एंटर दाबायची आणि सवयीने डावा हात हवेत सपकन फिरवायची, टाइपरायटरचा दांडा सरकवल्यासारखा. त्या हाताच्या वाटेत चहाचा ग्लास ठेवू नये, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं होतं.

आमचं भांडण व्यापाऱ्यांनीच मिटवलं. माझं हिरवं पत्र आमच्या त्या फोनलाइनवरून निघायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात चहावाला येऊन ग्लास गोळा करून जायचा. एवढं करून हैदराबादहून उत्तर आलं की तुमच्या मेलमध्ये नुसत्या खुणा आणि कंस दिसताहेत, भाव कुठे आहेत? आपाचं साधं पत्र मात्र जिथे गेलं तिथे जसंच्या तसं उतरलं. आमच्या ऑफिसचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे भाऊ म्हणायचो, त्यांनी निकाल दिला, "साधाच ठेवा बाप्पा." मी दोन दिवस आपाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने डब्यातून शीरखुर्मा आणला, मग बोलावं लागलं.

त्याच सुमाराला नागपूरहून फर्मान आलं. दोन माणसं एका कॉम्प्युटरपाशी कशाला? मेलचं काम सांभाळेल त्याने चंद्रपूरला राहावं, दुसऱ्याने जिवतीच्या केंद्रावर जावं.

आपाने कागद वाचला, त्याची घडी केली आणि एवढंच म्हणाली, "जिवतीहून दुपारच्या जेवणाले कशी येऊ मी?"

ती स्वतःच्या जेवणाबद्दल बोलत नव्हती. तिचे सासरे, ज्यांना ती अब्बा म्हणायची, त्यांची एक बाजू लकव्याने गेली होती. दुपारी आपा घरी जाऊन त्यांना भरवायची. दुसऱ्या कुणाच्या हातून ते तोंड उघडायचे नाहीत, पोटच्या मुलाच्याही नाही. एकदा ती बल्लारपूरला लग्नाला गेली, तर म्हातारा दिवसभर ओठ मिटून भिंतीकडे पाहत पडला होता. म्हणून दुपारी आपाची खुर्ची रिकामी दिसली की ऑफिसात कुणी ब्र काढत नसे.

मी सडाफटिंग. मला चंद्रपूर काय आणि जिवती काय. मी सरळ नागपूरच्या साहेबांना फोन लावला की मी जातो. साहेब म्हणाले, "तू गेल्यावर मेल कोण पाहील? त्या बाई टायपिस्ट आहेत." खूप रदबदली करून मोठ्या भाऊंनी एक पंधरवडा मिळवला. तेवढे दिवस सगळे मेल आपाने करायचे, मी कीबोर्डला हात लावायचा नाही. जमलं तर ती राहील.

मी शिकवायला बसलो. प्रोग्राममध्ये पत्राचे साचे करून ठेवता येत. व्यापारी विचारून विचारून तेच विचारणार, माल किती, भाव काय, गाडी कधी. मग एकदाच पत्र लिहून ठेवायचं आणि बदलणाऱ्या गोष्टींच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एक ठरलेला शब्द टाकायचा. त्याला मॅक्रो म्हणत. एका मॅक्रोने आजची तारीख आपोआप यायची. दुसरा पत्त्यांच्या यादीतून समोरच्याच्या नावाचा पहिला शब्द उचलून 'आदरणीय'च्या पुढे बसवायचा. मराठी अक्षरं पलीकडे पोचेपर्यंत चौकोन होऊन जायची, म्हणून 'आदरणीय'सुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहायचं.

आपाला हे पटेना. "सगळ्याईले एकच जवाब? हे तं लग्नपत्रिका वाटल्यासारखं झालं."

"आपा, वेळ वाचते."

"वाचवून का करशीन? चहाच पेशीन न?"

शेवटी तिचं मन वळवलं ते एका वेगळ्याच मॅक्रोने. तो जिथे टाकू तिथे, साचा उघडला की, कर्सर येऊन उभा राहायचा, लुकलुकत. आपाने ते दोनदा करून पाहिलं. "म्हणजे बाकी सारं हे लिहिते आणि इथी येऊन माह्यासाठी थांबते?" मी हो म्हटलं. तिला फार आनंद झाला. तिने प्रत्येक साच्यात, 'आपली विश्वासू'च्या वर, तो मॅक्रो टाकून ठेवला आणि तिथे प्रत्येकाला एक ओळ स्वतः लिहू लागली. कुणाला पाऊस झाला का, कुणाला मुलीचा निकाल काय लागला. मी कपाळाला हात लावला, पण कीबोर्डला हात लावायचा नव्हता.

पत्त्यांची यादी तिने आधीच टाइप करून टाकली होती, आणि तीही तिच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला ती तोंडाने जसं म्हणायची तसं. आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाने कोण हाक मारतं? पुण्याचे व्यापारी यादीत 'पुणेवाले भाऊ' होते. मॅक्रोने इमानदारीने पहिला शब्द उचलला आणि पत्र गेलं, 'आदरणीय पुणेवाले'. त्यांनी वाईट मानलं नाही. उलट हा आपला योग्यच मान आहे असं त्यांना वाटलं असावं. मी आपावर ओरडलो, तर म्हणाली, "नावानं तं लेकराले हाक मारते रे." मग मी तिच्या शेजारी बसून व्यापाऱ्यांची नावं एकेक करून तिच्याकडून नीट करून घेतली. हेड ऑफिसचा पत्ता यादीत अगदी तळाशी होता, तिथपर्यंत आम्ही गेलोच नाही.

पंधरवडा सरत आला. मालाचा साप्ताहिक अहवाल नागपूरच्या साहेबांना जायचा होता आणि त्याच्यावरच सगळं ठरणार होतं. मी स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसलो. आपाने साचा उघडला, आकडे भरले, तपासले, पुन्हा तपासले. कर्सर थांबला तिथे तिने काहीतरी टकटक लिहिलं. मग पाठवण्याचं बटण दाबलं. मोडेम किंचाळला, मेल गेला. मी खूश होऊन गेलेला मेल उघडून वाचायला लागलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो.

'आदरणीय जावईबापू'.

साहेबांची सासुरवाडी चंद्रपूरची होती. आणि गावातल्या एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, हा आमच्याकडचा रिवाज. त्यांच्या माघारी सगळं ऑफिस त्यांना जावईबापूच म्हणायचं. कागदावर मात्र ते आजवर कुणी आणलं नव्हतं. मी टेलिफोनची तार उपटून हातात घेतली. मोठे भाऊ म्हणाले, "आता तार उपटून का फायदा? गेला न तो." आधीच जावई म्हणजे दहावा ग्रह, त्यात हा साहेब.

आपा म्हणाली, "मंग का झालं? जावईच हायत न ते?" आणि मग बोलता बोलता तिलाच ते कळलं. तिचा चेहरा पडला. घरी जायची वेळ झाली होती, अब्बा वाट पाहत असणार, पण ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला तो त्या मॅक्रोचा, पहिला शब्द उचलण्याची ही कसली अक्कल! "आपा, तू जाय, अब्बाले जेवू घाल," मी म्हटलं, तरी ती हलली नाही. तार मात्र मी परत जोडून ठेवली.

थोड्या वेळाने फोन वाजला. मोठे भाऊ साहेबांचा फोन उभं राहूनच घेत, त्यावरून कुणाचा ते कळलं. "हो साहेब... हो, आपानंच... नाई, कोणी सांगतलं नाई..." मग त्यांनी रिसीव्हर आपाकडे केला. आपाने आधी पदर डोक्यावर सारखा केला आणि मग तो कानाला लावला.

पलीकडे आता साहेब नव्हते, त्यांच्या बाईसाहेब होत्या; साहेब मेल छापून घेऊन जेवायला घरी गेले होते. त्यांचा आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू येत होता. पावसामुळे त्यांच्या माहेरचा फोन कित्येक दिवस बंद पडलेला, आईला ताप आल्याचं तेवढं कुणाकडून तरी कळलेलं, आणि काळजीने जीव टांगणीला लागलेला. आपाने अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या सासूबाई काल गोल बाजारात भेटल्या. ताप उतरला. कारले घेत होत्या आणि भाजीवालीशी भाव करून राह्यल्या होत्या.'

"खरंच भाव करत होती?" बाईसाहेब विचारत होत्या.

"हो बाई. भाजीवालीले रडकुंडीले आणलं."

"मग बरी आहे," असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. आपाही पदराने डोळे पुसू लागली. मोठे भाऊ खिडकीबाहेर काहीतरी अत्यंत महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे पाहू लागले.

मग साहेब फोनवर आले. म्हणाले, "आपा, जावयाचा मान ठेवला तुम्ही. आकडेही बरोबर आहेत. चंद्रपूर तुम्हीच सांभाळा." त्यांनी मलाही फोन द्यायला सांगितला आणि माझ्याशी एकच वाक्य बोलले, की जिवतीला थंडी फार असते, रजई घेऊन जा. आपाने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि चपला पायात सरकवून ती निघाली. जिना उतरताना ती जवळजवळ धावत होती. मला आनंद झाला, मनापासून झाला. थोडी असूयाही वाटली, कारण कोर्स मी केला होता.

रजई घेऊन मी जिवतीला गेलो. डोंगरावर एक खोली, पुढे कापूस-ज्वारीची रानं, आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, ज्याचा फोन मनात येईल तेव्हा जिवंत व्हायचा. पहिल्या दिवशी मी गटांच्या माणसांशी बोलत, माल मोजत फिरलो. गाव नवं, माणसं नवी, आणि मुक्कामाला परत आलो तेव्हा मला घराची अशी काही आठवण आली की स्टोव्ह पेटवायचाही कंटाळा आला. उगाच फोन लावून पाहिला, तर लागला. एकच मेल आला होता. त्यात साचा नव्हता, तारीख नव्हती, आदरणीय नव्हतं.

'अब्बा आज पोटभर जेवले. मी बी जेवली. तू जेवला का?'

आपाला खोटं लिहिणं मला जमलं नसतं. मी उठून स्टोव्ह पेटवला, भात टाकला, जेवलो, आणि मग उत्तर लिहायला बसलो.